चिलखताची आतली बाजू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो असा : मध्ययुगीन युरोपातील चिलखतधारी घोडेस्वारांच्या, म्हणजे ज्यांना तिकडे नाइट म्हणत त्यांच्या, छोट्या प्रतिकृती, त्यांच्या पृष्ठभागाचा पोत आणि त्यांचा ऐतिहासिक खरेपणा. चिटणीसांनी विषय दोनदा विचारून घेतला. आमचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा हा विषय आम्हांस कोठे भेटला, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेत स्टीलची भांडी पॉलिश करणारे कामगार आहेत. फिरत्या चाकावर पातेले धरायचे, ते आरशासारखे होईपर्यंत दाबून धरायचे. दिवसभर हेच काम. त्यातल्या एका सभासदाचा मुलगा पुतळ्यांचा षौकी आहे. बोटाएवढे योद्धे आणतो, जोडतो, रंगवतो. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो असता त्याने एक नाइट आमच्यापुढे धरला आणि विचारले, "काका, ह्याला नुसता चंदेरी रंग दिला तर चालेल का? की गंज दाखवू? की हातोडीच्या खुणा?" वडील खाटेवर बसून खोकत होते. ते म्हणाले, "अरे, चकचकीतच कर. गिऱ्हाइकाला चकचकीतच लागते."

त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आम्ही वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की प्रश्न वाटला तितका पोरकट नाही. वस्तूचा पृष्ठभाग पाहून ती कोणी, कशी आणि कशासाठी केली हे ओळखणे, हे इतिहासाचे अर्धे काम आहे. ते चुकले की पुढचे सगळे चुकते.

चुकते म्हणजे किती, त्याचा एक दाखला पाहा. लंडनच्या टॉवर नामक किल्ल्यात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या राजांची एक रांग मांडण्यात आली. लाकडी घोडे, त्यांवर चिलखते घातलेले राजे. मनुष्याच्या आकाराच्या ह्या प्रतिकृतीच म्हणाव्यात. लोक पैसे देऊन पाहायला येत. त्या रांगेत १०६६ साली इंग्लंड जिंकणारा विल्यम पत्र्याच्या चिलखतात बसलेला होता. वस्तुतः सबंध अंग झाकणारे पत्र्याचे चिलखत त्याच्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी प्रचारात आले. विल्यमच्या काळी लोखंडी कड्यांचे चिलखत होते. त्याच किल्ल्यातले पावणेसात फुटी माणसाचे एक प्रचंड चिलखत जॉन ऑफ गाँट ह्या राजपुत्राचे म्हणून दाखवले जाई. गाँट वारला १३९९ साली. आणि ते चिलखत जर्मनीत १५४०च्या सुमारास घडलेले! पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते पाहिले, मान डोलावली आणि घरी गेले. लोखंड चकाकत होते, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले.

१८२०च्या दशकात सॅम्युएल मेरिक नावाच्या विद्वानाने ही रांग कालक्रमाने नीट लावली. चिलखतांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. १८२४ साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु मौज अशी, की ज्यांनी इतरांची चूक काढली त्यांचीच एक मोठी चूक झाली, आणि तीही पृष्ठभागाच्या पोतामुळेच.

फ्रान्समधील बायो येथे अकराव्या शतकातील एक भरतकामाचा पट्टा आहे, सुमारे सत्तर मीटर लांबीचा. विल्यमच्या स्वारीची हकिकत त्यावर लोकरीच्या धाग्याने भरली आहे. योद्ध्यांच्या अंगावरचे चिलखत कोठे वर्तुळांनी दाखवले आहे, तर कोठे आडव्यातिडव्या रेघांच्या जाळीने. पुढच्या शतकांतील दगडी थडग्यांवरील पुतळ्यांतही कोठे अर्धचंद्राच्या ओळी, कोठे पट्ट्या असे प्रकार दिसतात. मेरिक यांनी प्रत्येक नक्षीसाठी चिलखताची एक निराळी जात कल्पिली : कड्या कापडावर शिवलेले, चौकटींचे, खवल्यांचे, पट्ट्यांचे. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की यातील बहुतेक जाती चिलखताच्या नव्हेतच. त्या भरतकाम करणाऱ्याच्या टाक्याच्या आणि पाथरवटाच्या छिन्नीच्या आहेत. चिलखत एकाच प्रकारचे होते, ते दाखवण्याच्या रीती अनेक होत्या. मुले चित्रात पाण्यावर नागमोडी रेघा काढतात, म्हणून नदीत रेघा असतात काय?

आता ते एका प्रकारचे चिलखत म्हणजे काय, ते पाहू. लोखंडाची तार ओढायची, ती गजाभोवती गुंडाळायची, कापून कड्या करायच्या. प्रत्येक कडीची टोके एकमेकांवर आणून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचे, आणि ती आजूबाजूच्या चार कड्यांत ओवून रिव्हेटने बंद करायची. एका अंगरख्याला अशा वीस-तीस हजार कड्या लागत. कडीचा व्यास आठ-दहा मिलिमीटर. म्हणजे रिव्हेट केवढे असेल, हे आमच्या फिटर बंधूंनी मनात आणावे. अंगरखा झाला की वजन दहा-बारा किलो. पण खरे वजन त्या वीस-तीस हजार रिव्हेटांचे आहे.

ते आता त्या मुलाच्या पुतळ्यावर आणा. त्याचा पुतळा ५४ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे प्रमाण सुमारे १ : ३२. दहा मिलिमीटरची कडी त्यावर एक तृतीयांश मिलिमीटरहून लहान होते. पुतळा करणारा ती कोरू शकत नाही, डोळा ती पाहू शकत नाही. म्हणून तो काय करतो? एक मिलिमीटरची कडी कोरतो. बत्तीसने गुणा : त्या नाइटाने तान्ह्या मुलाच्या बांगडीएवढ्या कड्यांचे चिलखत घातले आहे! त्या भोकातून बाण सुखाने आत जाईल. पत्र्याच्या चिलखताचेही तेच. पत्रा छातीवर सामान्यतः दोन मिलिमीटरांच्या आसपास जाड, हातापायांवर आणखी पातळ. पुतळ्यावर त्याची जाडी कागदाहूनही कमी झाली पाहिजे. तात्पर्य, पुतळ्याच्या अंगावरचा पोत ही प्रत कधीच नसते, ती खूण असते. भरतकामातल्या वर्तुळासारखीच. खूण करणे हा गुन्हा नव्हे. खुणेलाच वस्तू समजणे ही चूक. आणि ती मेरिक यांच्यासारख्याकडून झाली, तर तुमच्याआमच्याकडून का होणार नाही?

आता मुलाने विचारलेल्या तीन गोष्टी एकेक घेऊ : चंदेरी रंग, गंज, हातोडीच्या खुणा.

प्रथम रंग. आपल्या डोळ्यांसमोर नाइट येतो तो पांढऱ्या पोलादाचा. तशी लख्ख चिलखते होती, यात शंका नाही. पण सगळी तशी नव्हती. कित्येक काळीच ठेवलेली, म्हणजे भट्टीतून आणि हातोडीखालून आली तशी. कित्येकांवर रंग दिलेला. कित्येकांना आच देऊन निळी झाक आणलेली. लेथवर निघणाऱ्या पोलादी छिलक्यांना जी निळी छटा येते, तीच ही. पुढच्या शतकांत संग्रहालयांत आणि वाड्यांत ही चिलखते इतक्या वेळा घासली गेली, की मूळची झाक अनेकांवरून साफ गेली. म्हणजे आज आपण ज्याला जुने रूप म्हणतो, ते कित्येकदा नंतरच्या नोकरांच्या घासण्याचे रूप असते.

आणि लोखंड वर दिसत होतेच असेही नाही. इंग्लंडच्या एडवर्ड राजपुत्राचे उदाहरण घ्या, जो १३७६ साली वारला आणि 'काळा राजपुत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. पुतळे करणारे त्याला काळ्या चिलखतात रंगवतात. परंतु 'काळा' हे नाव सोळाव्या शतकातील लिखाणात प्रथम आढळते. कँटरबरीच्या मंदिरातील थडग्यावर त्याची मूर्ती आहे ती सोनेरी मुलाम्याची. आणि त्याच्या वापराचा जो अंगरखा थडग्यावर टांगलेला होता, तो आजही जपून ठेवलेला आहे : तांबड्या-निळ्या मखमलीचा, आत भरण घालून गोधडीसारखा शिवलेला, वर सोनेरी सिंह आणि लिलीची फुले. नाव काळे, मूर्ती सोनेरी आणि कपडा तांबडा-निळा. शिंप्याचे आणि भरतकाम करणाऱ्यांचे हे काम पुतळ्यावर दिसायचे असेल, तर चंदेरी रंगाची कुपी बाजूला ठेवलीच पाहिजे.

याहून मोठा पुरावा जमिनीतून निघाला. बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचे बेट आहे, तेथे विस्बी हे तटबंदीचे व्यापारी शहर. १३६१ सालच्या जुलैत डेन्मार्कचा राजा वाल्डेमार याने बेटावर स्वारी केली. तटाबाहेर त्याच्या कसलेल्या सैन्याला अडवायला उभे राहिले ते बेटावरचे शेतकरी. शहर तटाच्या आत राहिले. शेतकरी कापले गेले, आणि मग शहराने दरवाजे उघडले. प्रेते तटाबाहेर खड्ड्यांत पुरली गेली. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले, तेव्हा अकराशेहून अधिक माणसांची हाडे मिळाली. त्यांत पोरसवदा मुले होती, म्हातारे होते, आधीच्या दुखापतीने लंगडणारेही होते. पायांच्या हाडांवर तलवारीचे घाव होते. प्रेतांवरील चिलखते एरवी लुटली जातात. येथे कित्येक अंगावरच राहिली होती.

त्या चिलखतांचा पोत काय होता? लोखंडाच्या पट्ट्या कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून रिव्हेटने बसवलेल्या. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला दिसे तो कपडा, आणि त्यावर रिव्हेटांच्या डोक्यांच्या ओळी. लोखंड आत. कापड कुजून गेले, पट्ट्या राहिल्या. त्यावरून बेंग्ट थोर्डेमन ह्या स्वीडिश संशोधकाने १९३९-४०च्या ग्रंथात एकेक अंगरखा पुन्हा जुळवून दाखवला. त्यांतले काही त्या काळच्या मानाने जुन्या घाटाचे होते. गरीब माणूस लढाईला नवे चिलखत घेऊन जात नाही. घरात जे असेल ते घालतो. विस्बीच्या शेतकऱ्याचा खरा पुतळा करायचा असेल, तर तो विटलेल्या कपड्यातलाच करावा लागेल. तो चकाकणार नाही. म्हणूनच तो दुकानात क्वचित दिसतो.

आता गंज आणि चिखल. हल्लीच्या हौशी मंडळींत पुतळ्यावर गंजाचे ओघळ आणि चिखलाचे शिंतोडे दाखवण्याची चाल पडली आहे. ती बरी की वाईट? चिखलापुरती बरी. १४१५ सालच्या २५ ऑक्टोबरला अ‍ॅजिनकूरच्या लढाईत फ्रेंच सरदार नांगरलेल्या, रात्रभर पावसाने भिजलेल्या शेतातून चालत गेले; त्या दिवशी कोणाचे गुडघे चकाकत असतील असे वाटत नाही. परंतु गंजाची गोष्ट निराळी. ज्याचा जीव चिलखतावर, तो ते गंजू देत नाही. निदान नोकराला गंजू देऊ देत नाही. चौदाव्या शतकातील डोव्हर किल्ल्याच्या सामानाच्या यादीत चिलखते घालून फिरवण्याचे एक पीप नोंदलेले आहे. कड्यांचे चिलखत वाळूबरोबर अशा पिपात घालून फिरवीत राहिले, की गंज सुटतो. पीप आपोआप फिरत नाही, कोणाचे तरी हात लागतात. तेव्हा चकाकणारे चिलखत दाखवले तरी हरकत नाही, पण ती चकाकी सरदाराची नव्हे, पीप फिरवणाऱ्याची आहे, एवढे ध्यानात असावे. आणि गंजलेले दाखवले, तर तो पीप फिरवणारा कोठे गेला, हे सांगावे.

राहिल्या हातोडीच्या खुणा. येथे आम्हांस सर्वांत मोठा धडा मिळाला. आम्हांस वाटले होते, की कामगाराची खूण म्हणजे हातोडीची खूण. ती पुतळ्यावर असलीच पाहिजे. आपल्या पुण्याच्या तांबट आळीतले तांब्याचे घंगाळ पाहिले, तर मठारकामाचे ठोके बाहेरून ओळीने दिसतात, तेच त्याचे भूषण. पण उत्तम चिलखताचे तसे नाही. मिलान, न्यूरेम्बर्ग, ऑग्सबर्ग ही त्या धंद्याची मोठी शहरे. तेथे घडवणारा निराळा आणि घासणारा निराळा असे. घडवणाऱ्याने ठोकून आकार दिला, की पत्रा पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या सहाणेच्या चाकांवर जाई आणि बाहेरचे सर्व ठोके घासून नाहीसे होत. १५१५च्या सुमारास जी पन्हाळीदार चिलखते निघाली, त्यांच्या तर प्रत्येक पन्हाळीत शिरून घासावे लागे. त्या पन्हाळ्यांनी पत्र्याला ताठरपणा येई. आपल्या कारखान्यांच्या छपरांवरचा पन्हाळी पत्रा नेमके हेच काम करतो. मग चिलखतावर उस्तादाचा शिक्का मारला जाई, न्यूरेम्बर्गला तपासणीनंतर शहराचाही शिक्का पडे. घासणाऱ्याचा शिक्का नसे.

म्हणून बाहेरून ठोके दाखवणारा पुतळा चुकीचा आहे. मग हातोडी गेली कोठे? ती आत आहे. तीच चिलखते उलटून आतून पाहिली, तर पत्रा काळा, खडबडीत आणि ठोक्यांनी भरलेला दिसतो. आत घासण्याची कोणाला गरजच वाटली नाही. बाहेर सरदाराचे वैभव, आत मजुराची वही. संग्रहालयात चिलखत उभे करतात ते बाहेरची बाजू आपल्याकडे करून. आणि ओतलेल्या पुतळ्याला तर आतली बाजू नसतेच.

पुतळ्याला स्वतःचाही एक इतिहास आहे. लंडनला थेम्स नदीच्या गाळात १३००च्या सुमाराचा एक खेळण्यातला नाइट सापडला आहे, कथलाच्या मिश्रणाचा, ओतीव आणि पोकळ. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची रीत सुरू केली : साच्यात रस ओतायचा, कड थिजली की उरलेला रस परत ओतून घ्यायचा. १९५४ साली त्यांनी अ‍ॅजिनकूरचे नाइट काढले. ते जगभर गेले. हे सैनिक हाताने रंगवीत त्या बहुतांशी स्त्रिया. जर्मनीत कथलाचे चपटे सैनिक घरोघर बायका-मुले रंगवीत. १९६६ साली ब्रिटन यांनी शिशाचे सैनिक करणे थांबवले, कारण शिसे मुलांच्या पोटात जाऊ नये. ते योग्यच झाले. तथापि खेळणाऱ्या मुलाची काळजी जगाला १९६६पर्यंत सुचली; ओतणाऱ्याची आणि रंगवणारीची केव्हा सुचली, हे खेळण्याच्या डब्यावर लिहिलेले नसते.

घासणाऱ्यांविषयी मात्र एके ठिकाणी लिहिलेले आम्हांस आढळले. इंग्लंडातील शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचे शहर. तेथल्या कोरड्या सहाणेवर काम करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे, आणि ओल्या सहाणेवर काम करणाऱ्यांचे क्वचितच पंचेचाळिशीच्या पुढे, असे तेथील डॉक्टर नाइट यांनी नोंदले. एंगल्स यांनी ते आपल्या १८४५च्या ग्रंथात उतरवून घेतले. त्या डॉक्टरांचे आडनाव नाइट असावे, हा योगायोग.

हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण त्या मुलाच्या वडिलांचा नुकसानभरपाईचा दावा आम्हीच चालवला होता. वीस वर्षे पॉलिशच्या चाकासमोर काढल्यावर त्यांचा दमा जडला. सुनावणीच्या दिवशी समोरच्या बाजूने टेबलावर एक पातेले ठेवले. त्यात तोंड दिसत होते. ते म्हणाले, जेथे असा माल निघतो तेथे धूळ असेलच कशी? आमच्यापाशी उत्तर होते, पण पुरावा नव्हता. कोणत्या साली कोणते चाक होते, पंखा केव्हा बंद पडला, तोंडाला फडके कोणी बांधले होते, यांपैकी काहीही आम्ही लिहून ठेवले नव्हते. मोर्चे काढले, घोषणा दिल्या, पण वही ठेवली नाही. दावा आम्ही हरलो. त्यात समोरच्या बाजूची लबाडी होती तितकीच आमचीही कसूर होती. आम्हीही वीस वर्षे पातेले बाहेरूनच पाहत होतो.

आता आमच्या संघटनेत प्रत्येक खात्याची एक वही आहे. धूळ, पंखे, खोकला, रजा : सर्व तारखेनिशी. इतिहासकार दुसरे काय करतो?

त्या मुलाला आम्ही उत्तर दिले ते असे : बाहेरून ठोके दाखवू नकोस, खोटे होईल. गंज दाखवू नकोस, नोकराचा अपमान होईल. ज्या सालचा नाइट असेल त्या सालचे कापड, कड्या आणि पत्रा शोध. आणि चकाकी दिलीस, तर ती कोणी आणली हे विसरू नकोस. त्याने ऐकून घेतले. महिन्याभराने पुतळा दाखवायला आणला. नाइट लख्ख होता. पण त्याने शिरस्त्राण डोक्यावरून काढून हातात दिले होते, आणि त्याचे तोंड आपल्याकडे वळवले होते. आतून ते काळे होते, आणि त्यावर सुईच्या टोकाने बारीक बारीक ठोके दिले होते. त्या मापात ते ठोके काहीसे मोठेच झाले होते. पण खुणेला तेवढी सूट आपण दिलीच आहे.

वडिलांनी तो पुतळा बराच वेळ दिव्याजवळ धरून पाहिला. बाहेरची बाजू त्यांनी अंगठ्याने एकदा पुसली, सवयीने. मग शिरस्त्राणाच्या आत पाहून म्हणाले, "हे कोणीतरी नीट पाहिलेले दिसते."

आपल्या गावच्या संग्रहालयात, वाड्यात किंवा देवळात जी लखलखीत वस्तू आपल्यापुढे येईल, ती शक्य असेल तेव्हा उलटून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.